ठोकळा अजून चालेल का? स्पर्धा आणि प्रवेश परीक्षांची जुनी पुस्तकं पारखायची कशी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या अभ्यासिकेचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर चिखल पिऊन फुगलेले ठोकळे, म्हणजे परीक्षांची जाडजूड मार्गदर्शकं, हातगाड्यावर घालून बाहेर काढावे लागले. पुढच्या महिन्याभरात मिरज, तासगाव, कराड, सातारा, सगळीकडून लोकांनी पुस्तकांची पोती पाठवली. ती लावायला बसले तेव्हा एकाच पोत्यातून तीन गोष्टी निघाल्या. चौथीच्या शिष्यवृत्तीचं मार्गदर्शक, जेव्हा ती परीक्षा २०१६-१७ पासूनच पाचवीला गेली होती. नियोजन आयोगावर अख्खं प्रकरण असलेलं अर्थशास्त्र, जेव्हा १ जानेवारी २०१५ ला त्या जागी नीती आयोग आला होता. आणि २००४ सालचं एक मराठी व्याकरण, जे आजही आमच्याकडे मुलांच्या हातात सगळ्यात जास्त असतं.

तेव्हापासून मुलं मला एकच प्रश्न विचारतात, "ताई, हे पुस्तक अजून चालेल का?" प्रश्न पैशांचा आहे हे मला माहीत असतं. जतहून किंवा आटपाडीहून आलेल्या मुलाला खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भागवून नवा संच घेणं जड जातं. म्हणून "नवीनच घे" असं सरळ सांगून टाकणं मला पटत नाही. पुस्तकाला एकच वय नसतं. एकाच ठोकळ्यात चाळीस वर्षं टिकणारं प्रकरण आणि सहा महिन्यांत मरणारं पान शेजारी शेजारी शिवलेली असतात. ती वेगळी कशी करायची, त्याची आमची पद्धत खाली देते.

पहिली पायरी: आधी अभ्यासक्रम, मग पुस्तक

पुस्तक उघडण्याआधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून अभ्यासक्रम आणि शेवटची जाहिरात उतरवून घ्या, प्रिंट काढा. राज्यसेवा आणि कम्बाइनसाठी (गट ब आणि क ची संयुक्त परीक्षा) एमपीएससी, नीट आणि जेईईसाठी एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था), एमएचटी-सीईटीसाठी राज्याचा सीईटी कक्ष. क्लासच्या पत्रकावर किंवा टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका; त्यातली निम्मी दोन-तीन वर्षांपूर्वीची असतात.

प्रिंटवर दोन तारखा लिहा. एक, आज ती उतरवून घेतल्याची. दुसरी, तुम्ही प्रत्यक्ष परीक्षेला बसणार त्या वर्षाची. पुस्तक पारखायचं ते या दुसऱ्या तारखेच्या हिशेबाने. आज अकरावीत असलेल्या मुलीने आजच्या बारावीच्या मुलाला चालणारं पुस्तक डोळे झाकून घेऊ नये.

दुसरी पायरी: शीर्षकपानाची मागची बाजू

मुखपृष्ठावरचं वर्ष ही दुकानदारीची बाब असते. खरी माहिती शीर्षकपानाच्या मागे असते. तिथे "आवृत्ती" आणि "पुनर्मुद्रण" हे शब्द शोधा. आवृत्ती म्हणजे मजकुराला हात लागला आहे. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. तिसरी आवृत्ती २०१८ ची आणि सातवं पुनर्मुद्रण २०२४ चं असेल, तर पुस्तक २०१८ चंच समजायचं. "सुधारित" लिहिलंय म्हणून सुधारलंच असेल असंही धरू नका. त्यासाठीच पुढची पायरी.

तिसरी पायरी: खुणेचे प्रश्न

पुस्तक नेमकं कुठल्या दिवशी थांबलं आहे हे पाच मिनिटांत कळतं. सामान्य अध्ययनाच्या ठोकळ्यात या गोष्टी शोधा:

- महाराष्ट्रात जिल्हे किती? ३५ असतील तर पुस्तक १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं, पालघर त्या दिवशी झाला.
- केंद्रशासित प्रदेश किती? ७ असतील तर ३१ ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं. ९ असतील तर त्यानंतरच्या तीन महिन्यांतलं. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले आणि संख्या ८ झाली.
- खुनाच्या शिक्षेचं कलम? ३०२ असेल तर मजकूर १ जुलै २०२४ आधीचा. भारतीय न्याय संहितेत ते १०३ आहे.
- अभिजात भाषा किती? ६ असतील तर ऑक्टोबर २०२४ च्या आधीचं. मराठीसह पाच भाषांची भर पडून त्या आता ११ आहेत.
- जीएसटीचे दर? ५, १२, १८ आणि २८ असतील तर २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं.

एखादं उत्तर चुकलं म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. पुस्तकाचं घड्याळ कुठे बंद पडलं, एवढंच त्यातून कळतं. उलट, काही उत्तरं नवी आणि काही जुनी निघाली, तर मात्र सावध व्हा. अशा पुस्तकात वरवर डागडुजी झालेली असते आणि कुठल्या पानावर विश्वास ठेवायचा हे सांगता येत नाही. मी तर सरळ २०१८ ला थांबलेलं पुस्तक परवडलं म्हणेन. त्याचं काय जुनं झालं ते निदान ठरवता येतं.

चौथी पायरी: प्रकरणागणिक वय ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अंकगणित आणि बुद्धिमापन म्हातारं होत नाही. काळ-काम-वेग, शेकडेवारी, नळ आणि टाकी, सांकेतिक भाषा, नातेसंबंध यांसाठी वीस वर्षांपूर्वीचं पुस्तकही चालतं. पोलीस भरतीच्या मुलांना तर मी मुद्दाम जुनी गणिताची पुस्तकं देते. त्यात उदाहरणं भरपूर असतात आणि शॉर्टकटच्या आधी रीत समजावलेली असते.

मराठी व्याकरणही दीर्घायुषी. समास, प्रयोग, विभक्ती, अलंकार, वृत्तं बदललेली नाहीत. पण सुरुवातीलाच सांगितलेल्या २००४ च्या त्या व्याकरणातही आम्हाला एक पान दुरुस्त करावं लागलं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत आले. जुन्या पुस्तकात १२ स्वर आणि ४८ वर्ण असतात, नव्यात १४ स्वर. आणि "मराठी वर्णमालेत स्वर किती?" हा प्रश्न भरतीच्या पेपरात हमखास दिसणारा. अडीचशे पानांच्या पुस्तकात एकच पान मेलं होतं, पण नेमकं तेच पान गुण घालवणारं.

इतिहास बराच टिकतो, पण त्यातली ठिकाणं सांभाळा. १९४२ चं प्रतिसरकार साताऱ्याचं म्हणून वाचतो, पण त्याची कितीतरी गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे तेव्हा साताऱ्यात, आता सांगलीत. जुन्या पुस्तकातलं वाक्य त्याच्या काळात खरंच असतं. पर्यायांत "सध्याचा जिल्हा" असं आलं, की तेच वाक्य घात करतं. आपल्याच भागाची पोरं हा प्रश्न चुकतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

भूगोलाचे दोन भाग करा. डोंगर, नद्या, मृदा, हवामान एका बाजूला. कृष्णा महाबळेश्वरलाच उगम पावते आणि वारणा हरिपूरलाच तिला मिळते. हे पुस्तक कितीही जुनं असलं तरी चालतं. दुसरीकडे लोकसंख्या, वनक्षेत्र, उत्पादन, क्रमवाऱ्या. वनस्थितीचा अहवाल साधारण दर दोन वर्षांनी येतो. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या तोंडावर. हे आकडे पुस्तकातून पाठ करूच नयेत.

जनगणनेचं प्रकरण यातलं सगळ्यात फसवं. २०११ नंतर जनगणना झाली नाही म्हणून मुलं समजतात, २०११ चं काहीही चालेल. पण २०११ चेही दोन आकडे आहेत. आधी आलेले हंगामी, नंतरचे अंतिम. महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर हंगामी आकड्यांत ९२५ होतं, अंतिम ९२९ झालं. २०११-१२ मध्ये छापलेल्या कितीतरी पुस्तकांत ९२५ आहे आणि त्यांची पुनर्मुद्रणं ९२५ च घेऊन फिरत राहिली. आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे यायला लागले, की हे अख्खं प्रकरण एकदम बाद होईल. २०२७ नंतर परीक्षा देणाऱ्यांनी यासाठी आज पैसे घालवू नयेत.

राज्यघटनेची चौकट जुन्या पुस्तकातून उत्तम समजते. मूलभूत हक्क, संसदेची रचना, राज्यपालांचे अधिकार यावर एखाद्या जुन्या लेखकाने सावकाश लिहिलेलं प्रकरण आजच्या वन-लायनर पुस्तिकेपेक्षा दहापट चांगलं असतं. फक्त घटनादुरुस्त्यांची चिठ्ठी जोडा: जीएसटीची १०१ वी, आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची १०३ वी, लोकसभेतलं अँग्लो-इंडियन नामनिर्देशन थांबवणारी १०४ वी, महिला आरक्षणाची १०६ वी. कायद्याचं मात्र उलटं आहे. पीएसआयच्या मुख्य परीक्षेसाठी भारतीय दंड संहितेवरचं पुस्तक आता संदर्भालाही ठेवू नका. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमं आली, क्रमांक सगळे बदलले. जुने क्रमांक डोक्यात बसले की काढता काढता दमछाक होते. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायद्याचंही तेच.

विज्ञान स्थिर असतं असं आपण धरून चालतो. बहुतांश ते खरंही आहे, पण २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या वजनावरून नाही, प्लांकच्या स्थिरांकावरून होते. शनीच्या उपग्रहांची मान्य संख्या मार्च २०२५ मध्ये २७४ झाली. "सर्वाधिक", "एकूण", "नवीनतम" असे शब्द जिथे असतील, ते प्रत्येक वाक्य पडताळा.

चालू घडामोडींना मी परीक्षेच्या तारखेच्या आधीचं एक ते दीड वर्ष धरते. त्याहून जुनं मासिक रद्दीत. मात्र घडामोडीतून कायमची झालेली गोष्ट आधी वहीत उतरवा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात आपला प्रतापगड आहे. ही आता चालू घडामोड नाही. इतिहास-भूगोलाच्या प्रकरणात लिहून ठेवायची ओळ आहे.

पाचवी पायरी: परीक्षेचा साचा बदललाय का?

मजकूर ताजा असूनही पुस्तक निरुपयोगी होऊ शकतं, कारण परीक्षा विचारण्याची रीतच बदलते.

राज्यसेवा मुख्य परीक्षेचं ठळक उदाहरण समोर आहे. सहा पेपर, ८०० गुण, बहुतेक सगळं बहुपर्यायी, या साच्यावर दशकभर ठोकळे निघाले. २०२५ च्या परीक्षेपासून ती वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, लेखीचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. कपाटभर बहुपर्यायी प्रश्नसंच एका रात्रीत जुने झाले असं सगळ्यांना वाटलं आणि मुलांनी ते विकायला काढले. मी थांबवलं. कम्बाइनची मुख्य परीक्षा बहुपर्यायीच आहे आणि राज्यसेवा पूर्वसाठीही ते प्रश्न सरावाला उत्तम आहेत. बदलला तो त्यांचा उपयोग. वर्णनात्मक उत्तराला मात्र त्यांतून काही मिळणार नाही. त्यासाठी मूळ संदर्भ वाचन आणि हाताने लिहिण्याचा सराव लागतो.

नीटमध्ये साचा आणि अभ्यासक्रम दोन्ही हलले. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातून बरीच प्रकरणं गेली: रसायनशास्त्रातून घन अवस्था, पृष्ठभाग रसायन, हायड्रोजन, एस-ब्लॉक, पॉलिमर, जीवशास्त्रातून वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण, पचन आणि शोषण. कवठेमहांकाळची एक मुलगी आमच्याकडे होती. मामेभावाने २०२२ च्या नीटसाठी वापरलेला संच तिने मनापासून वाचला, दिवाळीची अख्खी सुट्टी एस-ब्लॉकवर घातली. अभ्यासक्रमाची प्रिंट तिच्यासमोर ठेवली तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. ती सुट्टी तिला कोण परत देणार?

पण तीच मुलगी सीईटीही देणार होती, आणि तिथे राज्य मंडळाचा अभ्यासक्रम चालतो. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण घन अवस्थेचं आहे, पॉलिमर पंधरावं. जीवशास्त्रात वनस्पती आणि पाणी हे प्रकरण आहे. म्हणजे नीटसाठी गेलेलं पान सीईटीसाठी जिवंत. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी अनुक्रमणिकेवर दोन रंगांची शाई वापरावी. निळी नीटची, हिरवी सीईटीची. ज्या प्रकरणाला एकही रंग लागला नाही, तेवढंच सोडायचं. सीईटीत बारावीचा भार ८० टक्के आणि अकरावीच्या निवडक प्रकरणांचा २० टक्के असतो, तेव्हा हिरव्या शाईने वेळेचंही गणित सुटतं. राज्य मंडळाची अकरावीची पुस्तकं २०१९-२० ला आणि बारावीची २०२०-२१ ला बदलली. त्याआधीचा सीईटी संच दिला तर नम्रपणे नको म्हणा.

नीटच्या जुन्या सराव पेपरांचं काय? २०२१ ते २०२४ दरम्यान २०० प्रश्न असायचे आणि १८० सोडवायचे असत. २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ तीन तास. जुना पेपर फेकू नका. अ विभागातले ३५ आणि ब विभागातले पहिले १० असे प्रत्येक भागाचे ४५ घ्या, न निवडता. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला तर काट मारून पुढचा घ्या. घड्याळ तीन तासांचंच लावा. सोपे निवडायची सवय मोडणं हाच या सरावाचा खरा फायदा.

पोलीस भरतीत लेखी १०० गुणांची आणि मैदानी ५० ची आहे. मैदानीही १०० ची होती त्या काळातली मार्गदर्शकं अजून फिरतात. लेखीचा भाग वापरा, गुणांचे तक्ते फाडा.

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची काही मुलं परदेशी शिक्षणासाठी जीआरईची पुस्तकं मागतात. सप्टेंबर २०२३ पासून ती परीक्षा पावणेचार तासांवरून दोन तासांच्या आत आली, युक्तिवादावरचा निबंध गेला. २०११ नंतरच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकातलं गणित आणि शब्दसंग्रह आजही उपयोगी पडतो. पूर्ण लांबीचे सराव पेपर मात्र वेळेचा चुकीचा अंदाज देतात. इंग्रजीची टोफेल परीक्षा जानेवारी २०२६ मध्ये बदलली आहे, त्यामुळे तिथे जुना संच घेऊच नका.

सहावी पायरी: मागच्या प्रश्नपत्रिका

प्रश्न कसा फिरवून विचारतात हे शिकायला दहा वर्षांचे पेपर घ्या. उत्तरं पाठ करायला नाही. आयोगाची अंतिम उत्तरतालिका वापरा, पहिली नाही. हरकतींनंतर उत्तरं बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. खासगी संचांत बऱ्याचदा पहिल्या तालिकेचीच उत्तरं राहिलेली असतात. शिवाय जुन्या पेपरातलं बरोबर उत्तर आज चूक असू शकतं. २०१७ च्या पेपरात २९ राज्ये बरोबर होती, आज २८ आहेत. पेपर सोडवताना समासात "तेव्हा" आणि "आता" असे दोन रकाने करा. आमच्या मुलांना या रकान्यांमधून जितकं लक्षात राहिलं, तितकं कुठल्या क्लासच्या नोट्समधून राहिलं नाही.

सातवी पायरी: पुस्तकाची डागडुजी

बाद पान फाडू नका, त्याच्या मागे चालणारं पान असतं. पेन्सिलीने तिरकी रेघ मारा. बदललेल्या ओळीवर अर्ध्या बोटाची चिठ्ठी चिकटवा: नवी माहिती, कुठून घेतली आणि कधी. "जीएसटी: ५, १८, विशेष ४०, सप्टें. २०२५", एवढं पुरे. पहिल्या पानावर लिहा: "पडताळलं: अमुक महिना, अमुक परीक्षेसाठी". एका ठोकळ्याला दोन दिवस लागतात, आणि तो वेळ वाया जात नाही, कारण अख्खा अभ्यासक्रम एकदा नजरेखालून जातो. चारशे पानांत चाळीसपेक्षा जास्त चिठ्ठ्या लागत असतील, तर त्या विषयाचं नवं पुस्तक घ्या. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, नियम नाही.

स्वतःच्या नोट्सनाही हेच लावा. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख टाका. सीनियरच्या झेरॉक्स नोट्सवर ती नसते, म्हणून त्यांना खुणेचे प्रश्न लावल्याशिवाय हात लावू नका, मग तो सीनियर आज तहसीलदार का असेना. त्याची निवड त्याच्या वर्षीच्या अभ्यासक्रमावर झाली.

शिष्यवृत्तीच्या पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला आणायचा निर्णय २०२५ मध्ये झाला, त्यामुळे माळ्यावरचे जुने चौथीचे संच लोक खाली काढू लागले आहेत. बुद्धिमत्ता आणि गणिताचा सराव त्यातून करून घ्या; बाकीच्या विषयांची पाठ्यपुस्तकं मधल्या काळात बदलली आहेत.

आमच्याकडे ही छाननी दरवर्षी मे महिन्यात होते, पाऊस लागायच्या आत. मुलं स्वतःच बसतात, एक जण संकेतस्थळ बघतो, एक चिठ्ठ्या कापतो. बाद झालेलं रद्दीवाल्याकडे जातं, पडताळलेलं वरच्या कप्प्यांवर, आणि सगळ्यात खालचा कप्पा २०१९ पासून आम्ही रिकामाच ठेवतो.